निम्मा आकडा

सूतगिरणीत धाकटीला सगळे मोजणीबाई म्हणत. सूत कातणाऱ्या लांबलचक साच्यांवर ज्या चात्या फिरतात, त्यांचा वेग मोजायचा, हे तिचं काम. एका साच्यावर हजारभर चात्या आणि एकेक चाती मिनिटाला सोळा हजार फेरे घेणारी. नुसत्या डोळ्यांना ती फिरताना दिसतच नाही, चकचकीत धूर उभा असावा तशी दिसते. धाकटी हातातला लुकलुकणारा दिवा तिच्यावर धरी, दिव्याचं बटण हळूहळू फिरवी आणि एका क्षणी ती चाती जागच्या जागी थांबलेली दिसे. खरं तर ती तशीच गरगरत असे. दिव्याची प्रत्येक उघडझाप तिला फेऱ्यातल्या एकाच जागी गाठत असे, इतकंच. चातीवर मारलेली खडूची रेघ एकटी, स्तब्ध, बोट लावून बघावं अशी समोर उभी राही. बोट लावलं तर ते बोट राहत नसे, ही गोष्ट वेगळी. बावीस वर्षं झाली, तरी त्या थांबण्याकडे बघताना धाकटीचा श्वास जरासा अडे.

पण हा दिवा लबाड. चाती थांबलेली दिसली म्हणजे आकडा खराच, असं नाही. दिवा निम्म्या वेगाने लुकलुकला तरी हुबेहूब तेच चित्र दिसतं. दोन उघडझापांच्या मध्ये चाती गुपचूप दोन फेरे मारून येते आणि आपल्याला वाटतं, एकच मारला. नव्याने आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी आठ हजार लिहून आणतो आणि दिवसभर खात्याच्या चेष्टेचा धनी होतो. म्हणून तिथला नियम असा, की आकडा हाती आला की दिवा दुप्पट वेगाने लावून पुन्हा बघायचं. दोन रेघा दिसल्या तर पहिला आकडा खरा. दुपटीलाही एकच रेघ दिसली, तर आपला कान आपणच धरायचा.

हा नियम धाकटीने झोपेतही पाळला असता. घरी मात्र आठ महिने पाळला नाही.

घर दोन मजली. वर तिची थोरली जाऊ आणि भावोजी, खाली धाकटी, तिचा नवरा आणि सासूबाई. चूल सगळ्यांची एक. थोरली शहरात बस चालवायची, एकोणीस वर्षं. आवाज खणखणीत. डेपोतले लोक म्हणत, हिच्या बसचा हॉर्न बिघडला तरी हरकत नाही, काच खाली केली की झालं. अशा बाईने आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "अगं, छातीत कुणीतरी मोटार चालू केली."

चेहरा पांढराफटक पडलेला. वीस मिनिटांनी मोटार बंद झाली, जशी लागली तशीच, एकदम. आणि थोरली उठून घाईघाईने संडासाकडे गेली. तासाभरात तीनदा.

मग ते अधूनमधून होऊ लागलं. कधी महिन्यातून एकदा, कधी आठवड्यात दोनदा. सासूबाईंना मोठाच विषय मिळाला. "धडधडतं छातीत आणि ही पळते तिकडे! असला कसला बाई आजार?"

सासूबाईंसाठी घरात रक्तदाबाचं यंत्र होतं. दर वेळी धाकटी त्याचा पट्टा थोरलीच्या दंडाला बांधी. रक्तदाब थोडा उतरलेला असे, आणि नाडीचा आकडा एकशेचार, एकशेसात, एकशेदोन. आकड्यांच्या बाबतीत त्या घरात धाकटीचा शब्द शेवटचा. तिने सरळ मनाने सांगितलं, "फार नाही, ताई. जिना धावत चढून आले तर माझाही एवढा होतो."

एवढ्या वाक्यावर निकाल लागला. डेपोच्या डॉक्टरांकडे थोरली दोनदा गेली, पण पोचेपर्यंत छाती शांत झालेली आणि हृदयाचा आलेख स्वच्छ. त्यांनी दोन्ही वेळा 'मानसिक ताण' असं लिहिलं, आणि तिसऱ्यांदा आलात तर बसवरून उतरवून तिकिटाच्या खिडकीत बसवावं लागेल, असं तोंडी सांगितलं. त्यानंतर थोरलीने सांगणंच सोडलं.

धाकटीला तिने एकदाच सांगितलं, मागच्या आठवड्यात, भांडी विसळताना. "परवा सिग्नलला उभी होते, तिथे आलं. कशीबशी बस कडेला घेतली. लोकांना सांगितलं, इंजिन तापलंय. बावन्न माणसं होती गं मागे. डोळ्यांपुढे काळं काळं येत होतं."

"ताई, डेपोत सांगा."

"काय सांगू? तुझाच आकडा सांगू? एकशेचार?"

त्या रात्री धाकटीला वाटलं, आपण बोललो ते खोटं नव्हतं, मग खुपतंय काय?

रविवारी सकाळी थोरली पुढच्या खोलीत बसून बुटांना पॉलिश करत होती. भावोजी पाळीवर, धाकटीचा नवरा बाहेरगावी. ब्रश हातातून निसटला, तो उचलायला ती वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "आलं."

"लागली का मोटार?" सासूबाई आतून म्हणाल्या.

धाकटीने तिला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. एकशेसहा. तिने मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. सव्वीस ठोके. चोक एकशेचार. यंत्र आणि बोटं, दोन साक्षीदार एकच सांगत होते. ती मनगट सोडणार, इतक्यात तिचं लक्ष थोरलीच्या गळ्याकडे गेलं.

खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. गळपट्टीच्या वर, मानेच्या खळग्यात, कातडीखाली काहीतरी फडफडत होतं. ठोका म्हणावा असं नव्हे ते. बेडकाचा गळा हलतो तसं भराभरा, न थांबता. सदऱ्याच्या गळपट्टीची कड त्यासरशी थरथरत होती. धाकटीने बोटं मनगटावर तशीच ठेवली आणि डोळे मानेवर. बोटांखाली एक. मानेत दोन. बोटांखाली एक. मानेत दोन.

एकाच देहात दोन वेग. आठ महिने, तिच्या मनात आलं, मी आठ हजार लिहून आणते आहे.

"आई, घड्याळ धरा. मी हो म्हटलं की सुरू, पंधरा सेकंद झाले की ओरडा."

"मी? मला चष्मा..."

"आई!"

धाकटी सासूबाईंशी या आवाजात कधी बोलली नव्हती. सासूबाईंनी चष्मा शोधला. धाकटीने वर्तमानपत्र मांडीवर ओढलं, पेन्सिल घेतली आणि थोरलीच्या छातीला कान लावला.

तिथे जे चाललं होतं त्याला मोजणं शक्यच नव्हतं. एक, दोन म्हणायला जीभ वळेपर्यंत चार निघून जात. म्हणून तिने मोजलंच नाही. डोळे मिटले आणि ऐकू येईल तसा कागदावर ठिपका टाकत गेली, ठिपका, ठिपका, ठिपका. मुठीएवढा स्नायू, आणि त्याला ना क्षणाची उसंत ना पाणी प्यायची सवड. ओले दरवाजे आपटावेत तसा तो आवाज थेट तिच्या गालाच्या हाडात शिरत होता. इतकी वर्षं हिच्याबरोबर भाकऱ्या बडवल्या, भांडले, हसले, आणि हे कधी ऐकलं नव्हतं.

"झालं!" सासूबाई ओरडल्या.

त्रेपन्न ठिपके. तिने दोनदा मोजले. चोक दोनशेबारा.

"काय दोनशेबारा?" सासूबाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलं की काय माझं?"

"यंत्राचा दोष नाही. दंडापर्यंत जेवढे पोचतात तेवढेच ते मोजतं. हृदय भरायच्या आतच आवळतंय, आई. एक ठोका जोराचा, दुसरा पोकळ. पोकळ ठोका हातापर्यंत पोचतच नाही." मग ती थोरलीकडे वळली. "ताई, मी आठ महिने तुम्हाला निम्मं सांगितलं."

थोरलीचे ओठ कोरडे पडले होते. तरी ती म्हणाली, "रडतेस कशाला? तू रडत बसलीस तर दवाखान्यात कोण नेणार, मीच चालवू का?"

सासूबाई कुणाच्याही आधी चपला घालून दारात उभ्या होत्या. "उभ्या काय राहिलात? त्या समोरच्या शिंप्याला हाक मारा, त्याची गाडी दारातच आहे."

शिंप्याने आधी रुग्णवाहिकेला फोन लावला. यायला अर्धा तास लागेल म्हणाले. दवाखाना दहा मिनिटांवर. तेव्हा गळ्यात टेप तशीच लटकवून त्याने गाडी काढली. मागच्या सीटवर धाकटी थोरलीच्या मानेकडे बघत होती. दर वेळी हे पोचण्याआधीच थांबायचं. आज थांबलं तर पुन्हा स्वच्छ आलेख, पुन्हा मानसिक ताण, पुन्हा बस आणि मागे बावन्न माणसं. थांबू नकोस, ती मनात म्हणाली. आणि जिची नखं निळसर दिसायला लागली होती, तिच्या बाबतीत आपण असं मागतो आहोत, याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

दवाखान्यात दाराशीच एका सिस्टरने पट्टा बांधला. "एकशेपाच. बसा बाकावर, नाव पुकारतील."

"निम्मा आहे तो," धाकटी म्हणाली. "छातीवर ऐकून बघा."

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. मी चात्या मोजते."

"काय मोजता?"

सासूबाई पुढे झाल्या. "ते जाऊ दे गं पोरी. एकदा नळी लावून बघ. ऐकायला काही फी पडते का?"

सिस्टरने चरफडत नळी कानाला लावली, छातीवर टेकवली, आणि तिचा चेहरा बदलला. तिने काही न बोलता चाकाची खुर्ची ओढली.

आतल्या खोलीत पडद्यावर थोरलीचं हृदय उमटलं. फणीचे दात असावेत तसे एकाला एक खेटून उभे टोकदार ठोके, आणि बाजूला आकडा: दोनशेबारा.

डॉक्टर तरुण होती, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं. पडद्याकडे बघून ती घाबरली नाही, उलट ओळखीचं माणूस भेटावं तशी दिसली. "हे हळूहळू वाढतं, की एकदम?"

"बटण दाबल्यासारखं," थोरली म्हणाली.

"आणि थांबताना?"

"तसंच. खट्."

"थांबल्यावर काय होतं?"

सासूबाईंनी सांगून टाकलं, "सारखी संडासाकडे पळते."

डॉक्टर हसली नाही. "पळणारच. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की ते रक्तातून मूत्रपिंडांना निरोप धाडतात, अंगातलं पाणी लघवीतून बाहेर टाका म्हणून. ताण आणि भीतीने छाती धडधडते ती चढत जाते, उतरत जाते. हे बटण आहे. हे दुखणं खरं आहे, बाई."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई तिच्या पावलांवरची चादर उगीचच नीट करू लागल्या.

"आता इंजेक्शन?" धाकटीने विचारलं.

"त्याआधी एक युक्ती. लागू पडली तर या पाच मिनिटांत घरच्यासारख्या गप्पा मारतील." डॉक्टरने सुई नसलेली पिचकारी थोरलीच्या हातात दिली. "अर्धवट बसा. हिच्या तोंडातून फुंकायचं, आतला दट्ट्या हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद. मग आम्ही तुम्हाला झटकन आडवं करणार आणि पाय वर धरणार."

पहिल्या खेपेला सातव्या सेकंदाला थोरलीला हसू फुटलं आणि हवा सुटली. "इतकी वर्षं बस हाकली आणि शेवटी फुगे फुगवायची वेळ आली."

"ताई, नीट करा!"

"करते गं. मोज तू."

दुसऱ्या खेपेला तिने गाल फुगवून, कपाळाची शीर तट्ट फुगेपर्यंत फुंकलं. धाकटी मोठ्याने मोजत होती. पंधरा होताच पलंग सपाट झाला आणि सिस्टरने दोन्ही पाय उचलून धरले. पडद्यावर फणीचे दात धावत होते, धावत होते, आणि मग काहीच नाही.

सरळ रेघ.

मिनिटाला सोळा हजारांच्या संगतीत धाकटीचा जन्म गेला होता. एक सेकंद म्हणजे किती, हे तिला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. खोलीतला पंखा ऐकू आला. सासूबाईंच्या हातातल्या किल्ल्या ऐकू आल्या. ती रेघ पडद्याच्या कडेकडे सरकत राहिली, तिच्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं, आणि धाकटीला वाटलं, जन्माच्या आधी असंच असेल.

मग एक ठोका. उंच, एकटा. मग मोकळी जागा. मग दुसरा. प्रत्येकाच्या आजूबाजूला ऐसपैस अंगण. आकडा अठ्ठ्याऐंशीवर येऊन टेकला. मानेतली फडफड नाहीशी झाली होती. ती कधी होती असं खरंही वाटू नये.

"गेलं," थोरली म्हणाली.

"काय केलंत?" सासूबाईंनी डॉक्टरला जवळजवळ दरडावून विचारलं.

"मी कुठे काय केलं? फुंकलं त्यांनी."

मग तिने पेन अंबाड्यातून काढलं आणि हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर आकृती काढली. हृदयाच्या वरच्या भागातून खालच्या भागात वीज उतरते, त्या नाक्यावर बहुतेकांना एक वाट पुरते. थोरलीच्या नाक्यावर दोन चालू होत्या, एक जलद, एक सावकाश. एखादा ठोका वेळेआधी पडला की वीज सावकाश वाटेने खाली यायची, जलद वाटेने परत वर जायची, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"म्हणजे बस डेपोत जायच्याऐवजी चौकालाच गोल गोल फिरत राहिली," थोरली म्हणाली.

"अगदी. आणि प्रत्येक फेरीला एक ठोका. तुम्ही जोर लावून फुंकलं आणि मग पाय वर केले, तेव्हा छातीत रक्त एकदम परत आलं. त्यासरशी मेंदूकडून येणाऱ्या एका नसेने नाका क्षणभर बंद केला. फिरणारी बस आली, तिला रस्ता बंद दिसला. संपली फेरी."

"क्षणभरात?"

"क्षणभर पुरतो."

धाकटी त्या खोक्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ही दुसरी वाट हिच्यात निजून होती. ती वागवतच ही शाळेत गेली, घाट चढली, बस शिकली. आणि आज नुसत्या एका फुंकरीने, कुणी हात न लावता, ती वीज आपल्या रस्त्याला लागली.

थोरलीने दोनशेबाराचा आलेख मागून घेतला. सोमवारी ती तो घेऊन स्वतःहून डेपोत गेली. तोवर घरात सगळ्यांनी समजावून पाहिलं होतं, की उपचार होईपर्यंत रजा टाक, आलेख कशाला दाखवतेस, खिडकीत बसवतील. ती म्हणाली, "बसवू देत. तिकिटं फाडीन. मागे बावन्न माणसं बसवून देवावर हवाला नाही ठेवणार."

बसवलंच. सहा आठवडे तिने तिकिटं फाडली, आणि खिडकीपुढची रांग तिच्या आवाजाने सरळ उभी राहायला शिकली.

हृदयातली ती सावकाश वाट बंद करायचं ठरलं त्या दिवशी थोरलीने अट घातली. "माझी जाऊ काचेमागे उभी असेल तरच मी आडवी होते." हृदयातल्या विजेचं काम करणारे वयस्कर डॉक्टर आधी नको म्हणाले. मग धाकटी काय काम करते हे कळल्यावर म्हणाले, "उभ्या राहा. बोलायचं मात्र नाही."

मांडीच्या शिरेतून केसासारख्या तारा वर गेल्या. थोरली जागी होती. डॉक्टरांनी आधी ते दुखणं मुद्दाम बोलावलं. तारेतून विजेचे दोन लहानसे ठोके दिले, वेळेआधी, आणि फणीचे दात पडद्यावर हजर. "हेच का?" त्यांनी विचारलं. "हेच मेलं," थोरली म्हणाली. त्यांनी आणखी एक ठोका दिला आणि ते थांबवलं. तिच्या छातीतला इतक्या महिन्यांचा भूतबंगला हा माणूस दिव्याच्या बटणासारखा उघडत मिटत होता.

मग तारेचं टोक त्या सावकाश वाटेवर टेकवून त्यांनी ते तापवलं. मिनिटभरही नाही. मसुराच्या दाण्याहून लहान जागा.

"आता," ते म्हणाले, "पुन्हा बोलावून बघू."

दोन ठोके दिले. हृदयाने ते घेतले, जरा थबकलं आणि आपली चाल चालू लागलं. त्यांनी तीन दिले. जवळजवळ दिले, घाईत दिले. वेग वाढवायचं औषध शिरेतून सोडलं आणि पुन्हा दिले. हृदय जरा भरभर चालू लागलं, पण पळालं नाही. अर्धा तास तो जाणता माणूस त्याला चिथावत होता आणि ते ऐकत नव्हतं.

"आलं का हो?" टेबलावरून थोरलीने विचारलं.

"नाही."

"नीट बघा. माझी सासू विचारील."

डॉक्टरांनी आणखी एकदा दोन ठोके दिले. मग यंत्रावरचा हात काढून मांडीवर ठेवला. ठोके येत राहिले, एकामागून एक, कुणी न सांगता. काचेच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून सहा माणसं होती. त्यांची कामं उरकली होती, तरी थोडा वेळ कुणीच जागचं हललं नाही.